मोडलेली मिरची

आमच्या घरात दृष्ट ताईची काढायचे. माझी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो उपद्व्याप केला तो का केला, हे कोणी विचारत बसायला नको.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गोरी, नाकेली, केस कमरेच्या खाली. कोणाच्या लग्नाहून आली आणि जरा डोकं दुखतंय म्हणाली, की काकू मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन हजर. "पोरीला नजर लागली गं कोणाची तरी!" मीही त्याच लग्नाला गेलेली असायचे आणि माझंही डोकं दुखत असायचं. मला सांगायची, "उन्हात हुंदडलीस, दुसरं काय! लिंबाचं सरबत पी आणि पड." एकदा मी धीर करून विचारलंच, "काकू, माझी दृष्ट कधी काढणार?" तर ती मनापासून हसली. म्हणाली, "तुला कोण मेलं नजर लावतंय! आहेस तशी ठणठणीत आहेस." सगळे हसले. सगळे हसतायत म्हटल्यावर मीही हसले. पण रात्री आरशासमोर चष्मा काढून बराच वेळ उभी होते, आणि चष्मा काढल्यावर मला काही दिसतच नसल्यामुळे निर्णय काही झाला नाही.

काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. पनवेलच्या जुन्या आळीत आमचं चार खोल्यांचं घर, त्यात आम्ही आणि काका-काकू. बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, काका दुकानात हिशेब लिहायचे आणि घरी फारसे बोलायचे नाहीत. काकूला मूलबाळ नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस, घरोघर टीव्ही आले होते, पण मूल नसलेल्या बाईला बारशाला बोलवायचं म्हटलं की आळी अजून दहादा विचार करायची. काकूला मात्र बोलवायची, आणि सगळ्यांच्या आधी. कारण तिच्या हाताला गुण होता. दृष्ट काढावी तर तिनेच.

दिवेलागणीला आमच्या पायरीवर दोन-तीन बायका कडेवर पोरं घेऊन बसलेल्या असायच्या. कोणाचं दूध पीत नाही, कोणाचं नुसतंच किरकिरतंय. काकू एकेकाला मांडीवर घ्यायची, पोट चाचपायची, कपाळाला गाल लावायची, पापणी ओढून बघायची, आणि मग दृष्ट काढायची. गॅस आला होता तरी या कामासाठी कोळशाची शेगडी ठेवलेली होती. मीठ-मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मुलावरून उतरवायच्या, ओठांतल्या ओठांत आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची नावं घ्यायची आणि मूठ निखाऱ्यावर टाकायची. मग सगळ्यांनी श्वास रोखून वाट बघायची. मिरचीचा ठसका लागला, तर दृष्टबिष्ट काही नव्हती. नाही लागला, तर होती, आणि आता जळून गेली. हा नियम लहान पोरालाही पाठ होता.

मी तेव्हा दहावीत. वाचनालयातून रहस्यकथा आणून वाचायचं व्यसन होतं. अशा शंभरेक पुस्तकांनंतर माझ्या लक्षात आलं की हे आपल्यालाही जमेल. दोनशे पानी वही घेतली, खाकी कव्हर घातलं, वर 'भूमिती' असं लिहिलं आणि आत कादंबरी सुरू केली. नाव 'धुराची साक्ष'. एका बंगल्यात एक गूढ काकी राहते, तिथे तिची पुतणी येते, आणि गावातली मुलं एकामागून एक आजारी पडू लागतात. पुतणी अत्यंत देखणी होती, फक्त चष्म्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. आमच्या काकूच्या हनुवटीवर उजवीकडे तीळ होता. मी काकीचा तीळ डावीकडे नेला, आणि मला वाटलं, झालं, आता कोण ओळखतंय!

रहस्यकथेला पुरावा लागतो. म्हणून मी काकूवर पाळत ठेवली. माजघराच्या दाराआडून शेगडी स्वच्छ दिसायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा पुरावा हाती लागला की माझ्या हातापायांना घाम फुटला. काकू कधी मिरच्या आख्ख्या टाकायची, आणि कधी, मूठ पदराआड नेऊन, कडाकडा मोडून टाकायची. आख्ख्या टाकताना आधी पंख्याने वारा घालून निखारे रसरशीत करायची. मिरच्या भस्सकन पेटायच्या, ठसका नाही. मोडलेल्या टाकताना निखाऱ्यांवर राख ओढायची. मग त्या धुमसायच्या आणि बायका खोकून खोकून बेजार व्हायच्या.

म्हणजे ठसका लागायचा की नाही, ते काकू ठरवायची!

मी वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता केला. कोणत्या मुलाच्या वेळी मिरच्या मोडल्या, आणि पुढे त्याचं काय झालं. पंधरा दिवसांत पाच मुलांच्या वेळी मोडल्या, आणि पाचांपैकी चार दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे! आख्ख्या मिरच्यांची मुलं मात्र खेळत होती. चेटूक ते हेच, याबद्दल तिळमात्र शंका उरली नाही. आणि खरं सांगते, भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. माझी दृष्ट न काढणारी बाई चेटकीण निघाली, याहून समाधानाची गोष्ट पंधराव्या वर्षी दुसरी कोणती?

सातव्या प्रकरणात मी तो शोध पुतणीच्या तोंडी घातला. "जी मिरची मोडते, ती दृष्ट काढत नाही, घालते!" या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

वही वर्गात फिरू लागली. एका मैत्रिणीने नेली की चार दिवस परत यायची नाही. आळीतल्या आयांना भलताच आनंद झाला, कारण पोरी जेवतानासुद्धा भूमिती सोडत नव्हत्या. मग एका आईने कौतुकाने भूमिती उघडून पाहिली. ती सातवं प्रकरण वाचूनच उठली. तिच्याकडून ती शेजारणीने नेली. आठवड्याभरात आळीतल्या बहुतेक बायकांची भूमिती पक्की झाली होती. छापलेल्या पुस्तकातलं खोटं असू शकतं, हे त्यांना कळत होतं. पण शाईने, हाताने, घरातल्याच मुलीने लिहिलेलं खोटं कसं असेल? त्या तीळ उजवीकडे आहे की डावीकडे, हे बघायला थांबल्या नाहीत.

मला पत्ता नव्हता. मी आपली आठव्या प्रकरणात भुयार खणत होते.

मग पायरीवरची गर्दी ओसरली. आधी दोघीच आल्या, मग एकच, तीही मूल मांडीवर न देता, काकूच्या मुठीकडे टक लावून. मग कोणीच नाही. काकू दिवा लावून, शेगडी पेटवून बसायची आणि निखारे विझायला लागले की आत यायची. फक्त बेलपाड्याहून भाजी घेऊन येणारी आजी तेवढी नातीला घेऊन यायची. तिने एकदा टोपली उतरवत सांगूनच टाकलं, "वयनी, त्या समद्या म्हनतान तुमचे हातानं पोरांना होतंय. कंच्या चोपडीत लिवलंय म्हने. आमाला काय वाचता येत नाय न काय नाय. पोर रडते, तुमी उतरा." काकूने नातीला घेतलं. पोट चाचपलं, पापणी ओढून पाहिली. मी दाराआड सगळं ऐकत होते.

यात सगळ्यात वाईट होतं ते समोरच्या वहिनींचं. त्यांना लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते. त्या अकरा वर्षांत, लोकांच्या टोमण्यांनी रडू आलं की त्या काकूकडे येऊन बसायच्या. दोघींचं दुःख एकच, त्यामुळे बोलावं लागायचं नाही. दिवस राहिले तेव्हा पहिल्यांदा काकूला सांगितलं. तेव्हापासून काकू स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्यांचं दुपटं शिवत होती, बारीक धावदोऱ्याचं, कडेला हिरवी पट्टी. मुलगा झाला. आळीभर पेढे वाटले. आमच्याकडे पेढे वहिनींच्या सासूबाई घेऊन आल्या, आईच्या हातात दिले, आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "बाराव्या दिवशी बारसं आहे. अगदी घरगुती. तुम्ही या." काकू तिथेच उभी होती. त्यांनी 'तुम्ही' म्हणताना आईकडेच पाहिलं.

काकू आत गेली आणि दुपट्याची उरलेली पट्टी शिवायला बसली. कोणी बोलावलं नाही, तरी ती रोज शिवत होती. मला ते बघवेना. खरंच बघवेना. मी चेटकिणीबद्दल दीडशे पानं लिहिली होती, पण त्यात ती कुठे अशी मान खाली घालून टाके घालत बसली नव्हती.

दहाव्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि एका दमात विचारलं, "काकू, तू मिरच्या मोडतेस का?"

तिने सुई थांबवली. "भूमितीत चेटकिणी कधीपासून आल्या गं?"

म्हणजे तिने वाचलं होतं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"सगळं वाचलं," ती म्हणाली. "लिहिलंयस झकास. ते भुयार मात्र भलतीकडेच गेलंय. बंगल्याखालून निघतं आणि नदी न ओलांडताच पलीकडे उगवतं." मग सुई दुपट्यात खोचून ठेवली. "मिरच्या मोडते. ज्याचं अंग तापलेलं असतं, पोट टणक लागतं, डोळे पिवळे दिसतात, त्याच्या वेळी मोडते. ठसका लागला की आईला कळतं, ही दृष्ट नव्हे. मग ती उठते आणि डॉक्टरकडे जाते. मी नुसतं तोंडाने डॉक्टरकडे ने म्हटलं, तर म्हणतील, हिला काय कळतं पोरांतलं, हिला कुठे झालंय? मिरचीचं ऐकतात. आणि नुसतंच किरकिरं पोर असलं की आख्ख्या टाकते. दृष्ट गेली म्हणून आईला झोप लागते. आई झोपली की पोरही झोपतं."

मी तक्ता आठवला. पाचांपैकी चार डॉक्टरकडे. अगं बाई गं! ती मुलं मिरच्या मोडल्या म्हणून आजारी पडली नव्हती. आजारी होती म्हणून मिरच्या मोडल्या होत्या. एवढ्या रहस्यकथा वाचल्या, आणि कोणत्याही हवालदाराने केली नसती ती चूक मी केली होती.

"मी सगळ्यांना सांगते," मी रडत म्हटलं. "घरोघर जाऊन सांगते."

"खबरदार!" काकूचा आवाज एकदम चढला. "हे कळलं की ठसक्यावर कोण विश्वास ठेवणार? उद्या तापलेलं पोर कोण उचलून नेणार डॉक्टरकडे? माझ्या सासूने मला हे शिकवलं आणि शपथ घातली. तूही घे." मी गळ्याला चिमटा धरून शपथ घेतली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "लोक चेटकीण म्हणाले त्याचं फारसं वाटत नाही गं. वांझ म्हणून घेतलेल्या बाईला त्यात नवीन ते काय! पण ते बाळ मला एकदा मांडीवर घ्यायचं होतं." आणि डोळ्यांना पदर लावला. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं.

बारशाला दोन दिवस होते. खरं सांगायचं नाही, आणि खोटं तर मीच लिहून बसलेली. मग उरलं काय? शेवटचं प्रकरण उरलं होतं.

ते मी त्याच संध्याकाळी लिहायला बसले. भुयार बुजवलं. शेवटच्या प्रकरणात काकी शेगडीपाशी बसलेली असते आणि तिच्या हातात मिरच्यांची ताटली आणून देते ती पुतणी. मिरच्या मोडून ठेवते तीही पुतणीच. मूठ आपली काकीची, पण आत विष कालवणारी वेगळीच. का? तर काकी मोठ्या पुतणीची दृष्ट काढते, हिची काढत नाही. बस, एवढ्यासाठी! मत्सराने आंधळ्या झालेल्या त्या चष्मेवाल्या पोरीने बिचाऱ्या देवमाणसावर बालंट आणलं. शेवटी काकीला सगळं कळतं, पण ती कोणाला काही सांगत नाही. हे लिहिताना मला काही रचावं लागलं नाही. मिरच्या मी मोडल्या नव्हत्या, बाकी सगळं जसंच्या तसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना वही मी स्वतः समोरच्या वहिनींच्या सासूबाईंना नेऊन दिली. "शेवट आलाय," म्हटलं. त्यांनी माझ्या हातून वही अक्षरशः हिसकावून घेतली. भुयाराचं काय झालं याची त्यांनाही काळजी लागलेली असावी.

शाळेतून आले तोवर आळीत निकाल लागला होता. आईने दारातच माझ्या पाठीत धपाटा घातला. "कार्टे, एवढं विष कुठून आलं गं तुझ्या पोटात?" ताईने स्वतःची वेणी माझ्यापासून लांब, खांद्यावरून पुढे घेतली. आणि समोरच्या वहिनी, बाराव्या दिवसाआधी घराबाहेर पडायचं नसतं ते विसरून, डोक्याला रुमाल बांधून आमच्या माजघरात उभ्या होत्या. काकूचे हात धरून नुसत्या रडत होत्या. "माझं चुकलं हो. सासूबाई नको म्हणाल्या आणि मी गप्प बसले. तुम्हीच बाळाला पाळण्यात घालायचं. तुम्ही आला नाहीत तर बारसं नाही करायचं." काकू म्हणाली, "अगं, आधी खाली बस, ओली बाळंतीण तू!" आणि लगेच दुपटं काढून त्यांच्या अंगावर टाकलं.

बारशाला मीही गेले. कोणी ये म्हटलं नव्हतं, पण कोणी येऊ नको म्हणायलाही धजलं नाही. काकू पाळण्याशेजारी बसली होती, बाळ तिच्या मांडीवर, हिरव्या पट्टीच्या दुपट्यात. पाळण्याखालून-वरून बाळ देण्याघेण्याचा खेळ झाला तेव्हा पलीकडून बाळ तिनेच घेतलं. मी जरा पुढे झाले, तर सासूबाईंनी पटकन बाळाच्या तोंडावर पदर ओढला. दुसऱ्या एका बाईने आपलं पोर उचलून या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मला घुगऱ्या दिल्या, पण दारात. मी त्या उभ्यानेच खाल्ल्या. काकूने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसू दाबून मुडपलेले होते.

पुढचं वर्षभर आळीतलं एकही मूल माझ्या हातात कोणी दिलं नाही. मैत्रिणींच्या आया मला बघून पोरींना आत बोलवायच्या. मजा म्हणजे, आता शेगडीच्या वेळी बायका माझ्यावर नजर ठेवून असायच्या, त्यामुळे काकूच्या मुठीकडे कोणाचं लक्षच जायचं नाही. ती निवांत पदराआड मिरच्या मोडायची.

पण मी सांगत होते त्या बारशाच्या संध्याकाळबद्दल. दिवे लागले होते. पायरीवर पहिल्यासारख्या बायका बसल्या होत्या, पाच-सहा, पोरं घेऊन. बेलपाड्याची आजीही होती. मी माजघरात अंधारात बसले होते, बाहेर यायची इच्छा नव्हती. काकूने हाक मारली. "ए, इकडे ये. इथे बस, पाटावर."

"मी?"

"तूच. आख्ख्या आळीच्या नजरा आहेत तुझ्यावर. आता नाही लागली दृष्ट, तर कधी लागायची!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणी हलली नाही. मी पाटावर बसले. काकूने माझा चष्मा काढून आपल्या मांडीवर ठेवला, त्यामुळे मला फक्त लाल निखारे दिसत होते. तिने पंखा घेतला आणि वारा घालायला लागली. निखारे रसरसून फुलले. मिरच्या मोडल्याचा आवाज येतोय का, म्हणून मी कान टवकारले. नाही आला. तिची मूठ माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून उतरली, तीनदा. मग मीठ तडतडलं, मिरच्या भस्सकन पेटल्या. सगळ्यांनी श्वास रोखला.

कोणीही खोकलं नाही.

"बघा बायांनो," काकू मोठ्याने म्हणाली, "केवढी लागली होती माझ्या पोरीला!"

निखारे कोणी फुलवले, मिरच्या कशा टाकल्या, मला सगळं ठाऊक होतं. त्या पायरीवर दोघींनाच ठाऊक होतं. तरी मी ढसाढसा रडले. आणि बेलपाड्याची आजी म्हणाली, "रडू दे तिला. दिष्ट निंगाली का रडूच येतं."